वाचकांचे प्रश्न : सायबर सुरक्षेची पदवी घेताना

मागील अंकात माहितीच्या चोरीविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : सायबर सुरक्षेत पदवी घ्यावी का, घ्यायची तर कोणती, आणि ती घेताना नेमके काय शिकावे. त्यांतील सहा पत्रे गरजेपुरती संक्षिप्त करून, नावे वगळून, येथे उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : माझे शालेय शिक्षण यंदा संपते आहे. एका महाविद्यालयात ‘सायबर सुरक्षा’ याच नावाची स्वतंत्र पदवी आहे. तिच्या माहितीपत्रकात ‘एथिकल हॅकिंग’ (परवानगीने केलेली घुसखोरीची चाचणी) आणि ‘डिजिटल फॉरेन्सिक्स’ (संगणकावरील पुराव्यांचा शोध) हे विषय पहिल्या वर्षापासूनच दिसतात. दुसरीकडे संगणकशास्त्राची नेहमीची पदवी आहे आणि तिच्या शेवटच्या वर्षात सुरक्षेचे दोन-तीन विषय निवडता येतात. घरच्यांचे म्हणणे असे, की नावातच सुरक्षा असलेली पदवी घ्यावी. मी काय करावे?

उत्तर : पदवीचे नाव क्षणभर बाजूला ठेवा आणि दोन्हीकडची विषयांची यादी घेऊन बसा. सुरक्षेचे विषय किती आहेत हे मोजण्याआधी त्या यादीत चार विषय शोधा : प्रोग्रामिंग, ऑपरेटिंग सिस्टिम, संगणक नेटवर्क आणि डेटाबेस. प्रोग्रामिंगमध्येही, जिच्यात मेमरीचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो अशी किमान एक भाषा, म्हणजे बहुतेक ठिकाणी सी, शिकवली जाते का हे पाहा. हे चारही विषय सक्तीचे असतील आणि प्रत्येकाला प्रयोगशाळेचे पुरेसे तास असतील, तर दोहोंपैकी कोणतीही पदवी घेतलीत तरी फारसे बिघडणार नाही. हे विषय गाळून किंवा एकाच सत्रात कोंबून वरच्या मजल्यावर ‘हॅकिंग’ उभे केले असेल, तर मात्र तिकडे जाऊ नका.

मी या चार विषयांचा एवढा आग्रह का धरतो, हे एका जुन्या दोषावरून सांगतो. ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या आधारे जगातील असंख्य संकेतस्थळांचे दळणवळण गुप्त ठेवले जाते. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात एक दोष असल्याचे जाहीर झाले आणि त्याला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. दोन संगणकांमधील जोडणी अजून जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याकडे लहानसा मजकूर पाठवतो आणि त्याची लांबीही सांगतो; दुसऱ्याने तो मजकूर जसाच्या तसा परत करायचा असतो. पाच बाइट पाठवले आणि ‘पाच’ असे सांगितले, की पाच बाइट परत येतात. गफलत अशी होती, की सांगितलेली लांबी खरी आहे का हे उत्तर देणारा संगणक तपासतच नव्हता. एखाद्याने एकच बाइट पाठवून ‘हे चौसष्ट हजार बाइट आहेत’ असे सांगितले, तर समोरचा संगणक त्या एका बाइटपासून पुढे मेमरीत जे काही पडलेले असेल ते सारे उचलून पाठवून देत असे. त्यात कोणाचा पासवर्ड निघे, कोणाचा मजकूर निघे, तर कधी खुद्द त्या संकेतस्थळाची गुप्त किल्लीही हाती लागे. सदोष आवृत्ती २०१२ च्या मार्चमध्ये बाहेर पडली होती, म्हणजे जगाने हा दोष दोन वर्षे बाळगला. आणि दुरुस्तीचा गाभा होता, ‘सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या मजकुरापेक्षा जास्त असेल तर गप्प बसावे’, एवढी एक तपासणी.

मेमरीत एका माहितीच्या शेजारी दुसरी माहिती का पडलेली असते, हे तुम्हांला सी आणि ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना कळते. जोडणी जिवंत ठेवावी का लागते हे नेटवर्क शिकताना कळते. गुप्त किल्ली बाहेर गेल्यावर नुसते पासवर्ड बदलून का भागत नाही, हे कूटलेखन, म्हणजे मजकूर गुप्त रूपात बदलण्याचे शास्त्र, शिकताना. ज्याने हे शिकलेले नाही, त्याला हार्टब्लीड शोधणारे साधन चालवता येते, पण ‘दोष सापडला’ या हिरव्या-लाल अक्षरांपलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही, आणि ते साधन कालबाह्य झाले की त्याचे ज्ञानही त्यासोबत जाते.

डिजिटल फॉरेन्सिक्स हा विषय मला स्वतःला फार आवडतो, पण तो पहिल्या वर्षी नको. फाइल पुसली तरी बहुतेक वेळा केवळ तिची नोंद पुसली जाते आणि मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहू शकतो, हे वाक्य पाठ करून घेणे सोपे आहे; फाइल सिस्टिमची रचना ठाऊक असेल तरच तो मजकूर हाताने बाहेर काढता येतो.

अभ्यासक्रम वाचताना आणखी एक खूण पाहावी. घटकांच्या शीर्षकांत विशिष्ट साधनांची नावे आणि आवृत्त्यांचे क्रमांक भरलेले असतील, तर तो अभ्यासक्रम कोणी तरी विक्रीपत्रक समोर ठेवून लिहिला असण्याचा संभव असतो. शक्य झाल्यास तेथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून एवढेच विचारा, की गेल्या सत्रात तुम्ही स्वतः कोणता प्रोग्राम लिहिलात आणि तो कशामुळे बंद पडला. त्याने अडखळत, पण सविस्तर उत्तर दिले, तर ते महाविद्यालय चांगले आहे.

दोन्ही ठिकाणे सारख्याच तोलाची निघाली, तर मी संगणकशास्त्राकडे झुकेन, कारण सतराव्या-अठराव्या वर्षी वाटणारी ओढ बदलू शकते आणि ती पदवी बाकीची दारे उघडी ठेवते. हे माझे मत आहे. प्रयोगशाळा उत्तम असेल तर स्वतंत्र पदवी घेण्यास मी अडवणार नाही.

प्रश्न : मला गणितात नेहमीच बेताचे गुण मिळाले. सायबर सुरक्षेला गणित लागते असे काही जण म्हणतात, तर काही जण अजिबात लागत नाही असे सांगतात. खरे काय?

उत्तर : दोघेही आपापल्या कामापुरते खरे बोलत असावेत. नोंदी तपासणाऱ्या, नियमावली राबवणाऱ्या किंवा संकेतस्थळांची चाचणी करणाऱ्या माणसाला रोज समीकरणे सोडवावी लागत नाहीत. पदवी घेताना मात्र तर्कशास्त्र, संभाव्यता, मोजणीचे गणित आणि भागाकारात उरणाऱ्या बाकीचे अंकगणित यांना सामोरे जावेच लागते. यांतील शेवटचा विषय ऐकायला भारदस्त असला, तरी त्याची सुरुवात प्राथमिक शाळेतील भागाकारापासूनच होते.

कागद-पेन्सिल घ्या. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या निवडा. त्यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार केला तर २ गुणिले १० म्हणजे २०. आता अशा दोन संख्या हव्यात, की ज्यांच्या गुणाकाराला २० ने भागले असता बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण २१ ला २० ने भागले की १ उरतो. यांतील ३ आणि ३३ जगजाहीर करा, ७ मात्र स्वतःजवळ ठेवा. तुम्हांला ४ हा आकडा गुप्तपणे पाठवू पाहणारा माणूस ४ चा घन काढेल, म्हणजे ६४, त्याला ३३ ने भागेल आणि उरलेली बाकी ३१ तुमच्याकडे पाठवेल. तुम्ही ३१ चा सातवा घात काढा. तो २७,५१,२६,१४,१११ इतका येतो आणि त्याला ३३ ने भागले असता बाकी बरोबर ४ उरते. (एवढा मोठा गुणाकार टाळायचा असेल तर ३१ ऐवजी उणे २ घ्या, कारण ३३ च्या हिशेबात दोन्ही एकच, उणे २ चा सातवा घात उणे १२८, आणि त्यात ३३ ची चौपट म्हणजे १३२ मिळवली की ४.)

रिव्हेस्ट, शमीर आणि अॅडलमन यांनी १९७७ साली मांडलेल्या आरएसए पद्धतीचा सांगाडा इतकाच आहे. ३३ चे अवयव कोणीही क्षणात पाडील. प्रत्यक्ष वापरात त्या जागी साधारणपणे २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या असते आणि तिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. हा हिशेब ज्याने एकदा स्वतःच्या हाताने केला, त्याला ‘जाहीर किल्ली’ आणि ‘खासगी किल्ली’ हे शब्द पुन्हा समजावून सांगावे लागत नाहीत.

मोजणीच्या गणिताचेही तसेच आहे. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे जेवढे पासवर्ड संभवतात, त्यांची संख्या २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. आकडा प्रचंड वाटतो. परंतु पासवर्ड एमडी५ सारख्या जुन्या, वेगवान पद्धतीने रूप बदलून साठवलेले असतील आणि चोरट्याचे यंत्र सेकंदाला १,००० कोटी प्रयत्न करत असेल, तर सारा खेळ २१ सेकंदांत आटोपतो. आणखी चारच अक्षरे वाढवली, की त्याच यंत्राला सुमारे ११० दिवस लागतात. लांब पासवर्डचा सल्ला का देतात, हे येथे आपोआप कळते.

कूटलेखनातच पुढे संशोधन करायचे असेल, तर मात्र गणिताशी घट्ट मैत्री हवी. क्वांटम संगणकांपुढेही टिकाव धरतील या अपेक्षेने अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये जी पहिली तीन मानके प्रसिद्ध केली, त्यांतील दोन ‘लॅटिस’ नावाच्या गणिती रचनांवर उभी आहेत, आणि रेषीय बीजगणिताशिवाय त्यांच्या उंबरठ्यावरही पाय ठेवता येत नाही. बेताचे गुण मिळवणाऱ्याने मात्र पहिल्या वर्षीच याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझी मुलगी या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. रात्री उशिरापर्यंत ती कसल्या तरी संकेतस्थळांवर ‘स्कॅन’ चालवत असते. विचारले तर म्हणते, आई, मी काही चोरत नाही, फक्त दारे उघडी आहेत का ते पाहते. मला तिचे कौतुकही आहे आणि काळजीही वाटते. मी तिला काय सांगावे?

उत्तर : तिला आधी विचारा, की ती ज्या यंत्रांची दारे पाहते, त्यांच्या मालकाने तिला तसे करायला लेखी परवानगी दिली आहे का. ती सरावासाठीच मुद्दाम उघडलेल्या संकेतस्थळांवर काम करत असेल, तर काळजी सोडा आणि तिला शांतपणे बसू द्या. परक्या यंत्रांवर चाचणी चालली असेल, तर मात्र ती त्याच दिवशी थांबली पाहिजे. ‘मी काही चोरले नाही’ हे उत्तर अनेक ठिकाणच्या कायद्यांपुढे टिकत नाही, कारण परवानगीवाचून प्रवेश करणे हाच पुष्कळ ठिकाणी गुन्हा ठरतो.

तिला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याची हकीकत सांगा. कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, त्याने स्वतःच्या प्रती काढत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. नासधूस करणारा एकही आदेश त्या प्रोग्राममध्ये नव्हता. एकाच संगणकावर दोनदा शिरू नये म्हणून तो ‘आधीच आलो आहे का’ असे विचारत असे. पण कोणी खोटेच ‘हो’ म्हणून त्याला हुसकावू नये, यासाठी मॉरिसने अशी योजना केली, की ‘हो’ असे उत्तर आले तरी सातांपैकी एका खेपेस त्याने तेथे मुक्काम ठोकावाच. हे प्रमाण फार जास्त ठरले. एकेका संगणकावर त्या प्रोग्रामच्या इतक्या प्रती साचल्या, की मूळ कामाला जागाच उरली नाही आणि अंदाजे ६,००० संगणक अडकून पडले. मॉरिसला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि दंडाची शिक्षा झाली. तो पुढे अमेरिकेतील एमआयटीत प्राध्यापक झाला, हेही सांगायला हरकत नाही. मात्र ‘माझा हेतू वाईट नव्हता’ एवढ्यावर न्यायालयाने त्याला सोडले नाही.

इतक्या मोठ्या उदाहरणाने मुलांचे समाधान होत नसेल, तर माझी स्वतःची फजिती सांगा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आमच्याच कार्यालयाच्या नेटवर्कवर, वरिष्ठांच्या ‘हो, हो, बघ’ एवढ्या तोंडी परवानगीवर, एका संध्याकाळी सर्व पत्त्यांचे सर्व ६५,५३५ पोर्ट, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याची क्रमांकित दारे, तपासायला लावून घरी गेलो. काही छपाई यंत्रे ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते मुकाट्याने छापतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सकाळी यंत्राच्या तबकात अर्थहीन अक्षरांनी भरलेल्या कागदांचा ढीग होता, कागद संपल्याचा दिवा लुकलुकत होता आणि वरिष्ठांना आपण काय म्हणालो होतो ते नीटसे आठवत नव्हते. तेव्हापासून कोणते पत्ते, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, काय करायचे नाही, आणि काही बिघडल्यास कोणाला फोन करायचा, हे सारे सहीनिशी कागदावर असल्याशिवाय मी कळफलकाला हात लावत नाही. चाचणीचा व्यवसाय करणारे सारे असेच वागतात, आणि चांगल्या पदवीत हा कागद तयार करायलाही शिकवतात.

तिच्या उत्साहाला वाट हवी, ती आहे. मुद्दाम दोष ठेवून बनवलेली ‘मेटास्प्लॉयटेबल’ सारखी व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) किंवा ‘ज्यूस शॉप’ आणि ‘वेबगोट’ सारखी नमुना संकेतस्थळे तिला स्वतःच्याच संगणकात, बाहेरच्या जाळ्यापासून तोडून, उभी करता येतील. ‘ओव्हर द वायर’ या संकेतस्थळावर ‘बँडिट’ नावाचा खेळ आहे. तो खेळता खेळता लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे आदेश हातात बसतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘पिकोसीटीएफ’ ही स्पर्धा तर विद्यार्थ्यांसाठीच आहे. शिवाय अनेक कंपन्या आपल्या संकेतस्थळांतील दोष कळवणाऱ्यांना बक्षीस देतात. तेथे काय तपासायचे आणि काय नाही याची हद्द लिहून दिलेली असते. तेवढी हद्द पाळून तिने जागरण केले, तर काळजी फक्त झोपेची उरेल.

प्रश्न : या पदवीसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा? त्यात काली लिनक्सच टाकावे का?

उत्तर : एकाच वेळी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवावी लागतात, म्हणून १६ जीबी रॅम आणि ऐसपैस एसएसडी पाहा, बाकी झगमगाटाची गरज नाही. काली लिनक्स हे चाचणीच्या साधनांनी भरलेले पेटार आहे, ते एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये असू द्या. रोजच्या वापरासाठी साधे लिनक्स घ्या आणि ते बिघडले की स्वतः दुरुस्त करा. त्या दुरुस्तीत जे शिकाल, ते वर्गात कोणी शिकवत नाही.

प्रश्न : मित्र म्हणतात, पदवीत तीन-चार वर्षे घालवण्यापेक्षा दोन-तीन प्रमाणपत्रे मिळवावीत, नोकरी त्यांवरच मिळते. हे कितपत बरोबर आहे?

उत्तर : प्रमाणपत्रांची जात ओळखली, की हा वाद पुष्कळसा मिटतो. ‘सिक्युरिटी प्लस’ सारखी परीक्षा प्राथमिक परिभाषा तपासते. ती पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात सहज देता येते आणि नोकरीच्या अर्जात उपयोगी पडते. ‘ओएससीपी’ वेगळ्या धाटणीची आहे : २३ तास ४५ मिनिटे प्रत्यक्ष यंत्रांवर चाचणी करायची आणि नंतरच्या २४ तासांत केलेल्या कामाचा अहवाल लिहून द्यायचा. अहवाल नीट नसेल तर यंत्रे सर होऊनही माणूस नापास होऊ शकतो, आणि मला हे फार योग्य वाटते, कारण आपल्याला सापडलेला दोष ज्याला दुसऱ्यापर्यंत पोहोचवता येत नाही, त्याचे श्रम वाया जातात. ‘सीआयएसएसपी’ तर नवख्यांसाठी नाहीच. तिला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि गंमत अशी, की त्यातले एक वर्ष पदवीमुळे माफ होऊ शकते. म्हणजे ज्या प्रमाणपत्राचा दाखला देऊन पदवी टाळायला सांगितले जाते, ते प्रमाणपत्रच पदवीला किंमत देते.

यांतील बहुतेक प्रमाणपत्रांचे ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, हेही मित्रांना विचारून पाहा. पदवीची मुदत संपत नाही. ज्याला परिस्थितीमुळे लगेच कमावणे भाग आहे, त्याने प्रमाणपत्राच्या वाटेने जाण्यात कमीपणा नाही. पण निवड करायची मोकळीक असेल तर आधी पदवी, आणि तिच्या शेवटच्या वर्षात एखादे प्रमाणपत्र, हा क्रम मला बरा वाटतो.

प्रश्न : मी एकेचाळीस वर्षांचा असून अठरा वर्षे हिशेबतपासणीचे काम करतो. नोकरी सांभाळून सायबर सुरक्षेची पदव्युत्तर पदवी घ्यावी असे मनात आहे. संगणकाचे शिक्षण नाही. वर्गात माझ्या निम्म्या वयाची मुले असतील. हा वेडेपणा ठरेल का? आणि पदवीनंतरचे काम प्रत्यक्षात असते तरी कसे?

उत्तर : १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. ती कशामुळे आली हे पाहण्याचे काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आले. कोणा एकाने काही सेकंद संगणक वापरला होता, पण त्याचे बिल कोणाच्याच नावावर पडले नव्हते. स्टोल त्या धाग्यामागे महिनोन्‌महिने जात राहिले आणि माग निघाला तो थेट जर्मनीतील, लष्करी माहिती चोरून सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकणाऱ्या माणसापर्यंत. हे प्रकरण प्रसिद्ध आहे, आणि त्याची सुरुवात तुमच्या पेशातल्या माणसाला झोप येऊ न देणाऱ्या एका किरकोळ फरकापासून झाली होती. तेव्हा वेडेपणाची शंका सोडा.

कामाचे स्वरूप विचारता, तर पहिली नोकरी पुष्कळांना देखरेख कक्षात मिळते, तिथे पाळ्या असतात आणि समोर सतत इशारे येत असतात. त्यांतील बहुतेक खोटे निघतात. समजा, पहाटे दोन वाजून अकरा मिनिटांपासून एकाच पत्त्यावरून ‘रूट’, ‘अॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी चाळीस वेळा प्रवेशाचा प्रयत्न झाला आणि चाळीसही वेळा फसला. इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही यंत्रावर हे रोज घडते. नवखा माणूस घाबरतो, मुरलेला पुढे सरकतो. पण एक्केचाळिसावा प्रयत्न ‘बॅकअप’ नावाच्या खात्याने यशस्वी झाला, आणि ते खाते एरवी फक्त रविवारी रात्री वापरले जाते हे ज्याला ठाऊक आहे, तोच तेथे थबकेल. त्या क्षणी साधन कोणते आहे याला फारसे महत्त्व नसते. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकावर प्रवेश करताना एरवीच्या सुमारे ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागतात असे दिसले. तो अर्धा सेकंद कुठे जातो याचा पिच्छा पुरवताना ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी तरी चोरदार बसवल्याचे त्यांना आढळले. हे चोरदार बसवणाऱ्याने टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ इमाने-इतबारे काम करून विश्वास मिळवला होता. तफावतीचा असा पिच्छा पुरवणे हा तर तुमचा अठरा वर्षांचा सराव आहे.

तुमच्यासाठी जोखीम, लेखापरीक्षण आणि नियमपालन ही शाखा सर्वांत जवळची. आयएसओ २७००१ हे माहितीच्या सुरक्षेचे मानक किंवा निस्टची सायबर सुरक्षा चौकट (तिची दुसरी आवृत्ती २०२४ ची) वाचायला घ्या. भाषा ओळखीची वाटेल. पैसे देण्याची शिफारस एकाने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी, हा जो नियम तुम्ही पाळत आलात, तोच साल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ साली संगणक सुरक्षेच्या मूलतत्त्वांत मांडला : एका किल्लीने उघडणाऱ्या दारापेक्षा दोन किल्ल्यांचे दार भरवशाचे. पुरवठादाराच्या नावे ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल येतो आणि कार्यालय भलत्याच खात्यात रक्कम भरून मोकळे होते, हा गुन्हा नेटवर्कची राखण करणाऱ्या कोणत्याही फायरवॉलने अडत नाही. जुन्या, माहितीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्या असा नियम करणारा माणूस लागतो.

उणीव तांत्रिक पायाची आहे, आणि ती खरी आहे. प्रवेश घेण्याआधी सहा महिने द्या : पायथॉन या भाषेत लहान प्रोग्राम लिहिणे, लिनक्सचे आदेश आणि नेटवर्कची मूलतत्त्वे, एवढ्यावर. वायरशार्क हे नेटवर्कवरील पाकिटे पकडणारे मोफत साधन स्वतःच्या संगणकावर चालवा, एक संकेतस्थळ उघडा आणि जोडणी जुळताना होणारी तीन पाकिटांची देवाणघेवाण शोधून काढा : इकडून विचारणा, तिकडून होकारासह उलट विचारणा, इकडून होकार. पाकिटांच्या गर्दीत ही तीन ओळखायला पहिल्या दिवशी तासभर लागेल. चौथ्या-पाचव्या दिवशी ती नजरेत भरू लागली आणि पुढच्या पाकिटात काय असेल अशी उत्सुकता वाटू लागली, तर अर्ज भरा; वर्गातल्या तरुण मुलांना हिशेबतपासणी शिकवायला कोणी तरी हवेच आहे.